झुडपी जंगलात सराफी भिंग: गेळा, भराटी, डिकेमाली ओळखताना

गावच्या जैवविविधता नोंदवहीत ओळीनं ‘काटेरी झुडूप’ लिहिलेलं दिसतं, तेव्हा वाईट वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये विदर्भातलं झुडपी जंगल वनच मानलं. त्यातल्या झुडपांची नावं तरी नीट लिहिली जावीत. त्यासाठी सराफ वापरतात ते दहापटीचं घडीचं भिंग पुरतं.

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात चौकशी करावी. काचेचंच घ्यावं, प्लास्टिकवर धुळीनं ओरखडे पडतात. ‘३० पट’ कोरलेलं स्वस्त भिंग नको, पान जरा हललं की सगळं धूसर होतं. आलेखाच्या कागदावर धरून पाहा, कडेच्या रेषा वाकल्या तर दुसरं मागा.

हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही. भिंग डोळ्यालगत ठेवून पान जवळ आणायचं; अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट होतं. मोहफुलांच्या दिवसांत पाचोळ्यावर उघडं ठेवू नये, उन्हानं आग लागू शकते.

खरा कस गेळा आणि भराटीत. दोघांची पानं टोकाकडे रुंद, दोघांना काटे, आखूड फांद्यांवर पानांचे झुबके. त्या झुबक्यांवरून काही ठरवू नये, यंदाची लांब कोवळी फांदी धरावी. पानं समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधे टोकदार खवल्यासारखं उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं इवलं पान) दिसलं की गेळा. उपपर्ण लवकर गळतं, म्हणून शेंड्याजवळचंच पेर पाहावं. पानं एकाआड एक, कडेला बारीक दाते, तर भराटी. तिचा काटा म्हणजे टोकदार झालेली डहाळीच, म्हणून काट्यावरही पान फुटतं. उपपर्ण गेळ्यासारखं, पण काटा नाही आणि कळीच्या टोकाला उग्र वासाचा पिवळसर डिंक, ती डिकेमाली.

तरवडाला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीमधे उभी ग्रंथी, बारीक गाठीसारखी, दिसते. कासविंद्याला देठाच्या बुडाशी एकच. धायटीचं पान उलटं करा, काळे ठिपके लगेच दिसतात.

मुरुडशेंग आणि धामणीच्या रोपात मात्र भिंगाचा उपयोग नाही. दोन्हींच्या पानांवर चांदणीसारखी लव असते. मुरुडशेंगेची पिळाची शेंग दिसेपर्यंत नोंदवहीत नाव लिहू नये.