‘पोर्ट्रेट’ मागितलं की काय मिळतं? मेन रोडलगतच्या एका फ्रेमवाल्याकडचा हिशेब

नाशिकच्या मेन रोडलगतच्या गल्लीतल्या या दुकानात ‘पोर्ट्रेट’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ चालतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मूळ अर्थ व्यक्तिचित्र. ‘बाहेर ओढून काढणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. क्रियापद ‘पोर्ट्रे’, नट भूमिका ‘पोर्ट्रे’ करतो, ‘पोर्ट्रेट’ करत नाही. दुसरा अर्थ छपाईवाल्यांचा: उभा कागद. ‘१२ बाय १८ पोर्ट्रेट’ म्हणजे १२ इंच रुंद, १८ इंच उंच, बस. त्यावर गोदाघाट छापला तरी पोर्ट्रेटच! तिसरा अर्थ या दुकानाचा: फोटोची कॅनव्हास प्रिंट आणि वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा. फटकारे डोळ्याओठांच्या वळणाने न जाता सगळीकडे एकसारखे दिसले, तर खाली प्रिंट आहे. भिंगातून ठिपके दिसले की शंकाच नको.

हाताने केलेलं चारकोलचं, म्हणजे कोळशाच्या कांडीचं, काम मात्र खरंच चांगलं आहे. केसांच्या कडा मऊ, डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका जागच्या जागी. पैसे चेहऱ्यागणिक लावतात. ए-३ कागदावर एकच चेहरा घ्या, चौघे कोंबले की डोळे मटाराएवढे होतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे दाबले जातात. सेल्फी नको: कॅमेरा जवळ असल्याने नाक फुगतं, कान मागे जातात, आणि चित्रकार तेच नाक इमानेइतबारे उतरवतो. प्रिंटच हवी असेल तर १२ बाय १८ साठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात.

फ्रेमिंग कच्चं. काच थेट चित्रावर टेकवतात. कोळशाची भुकटी काचेला लागते, पावसाळ्यात ओल अडकून बुरशीचे ठिपके येतात. मध्ये माउंट बोर्ड (चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) मागूनच घ्यावा लागतो. फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारलंय का, हेही फ्रेम बंद होण्याआधी विचारा. ते फूटभर अंतरावरून, दोन-तीन हलक्या हातांनी मारायचं असतं. एकदम भिजवलं की डाग पडतात. मागची साधी चिकटपट्टी पुढे पिवळी पडून सुटते.

बिलावर नुसतं ‘पोर्ट्रेट’ लिहितात. त्याखाली ‘चारकोल, हाताने, ए-३, एक चेहरा, माउंटसह’ एवढं लिहून घ्या, मगच अ‍ॅडव्हान्स द्या.