दहा महिने दुकान फोनवर चालवून पाहिलं: एका ब्लाऊजवालीचा अनुभव

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, आमच्या भाच्याने दुपारभर बसून माझ्या दुकानाला चार गोष्टी जोडून दिल्या. दुकानाच्या वेगळ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस, माझ्या नावाच्या खात्याचा क्यूआर आणि पैसे जमा झाले की आकडा बोलून दाखवणारा त्याचा डबा, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद, आणि गिऱ्हाइकांची मापं ठेवायचं एक ॲप, ज्याचे दर महिन्याला पैसे भरायचे. दुकान म्हणजे कराडात आमच्या घराचीच पुढची खोली. दोन मशीन, एक इंटरलॉक, कापायचं टेबल आणि खुंट्यांवर पिशव्या. सतरा वर्षं ब्लाऊज शिवतेय. रथसप्तमी झाली, हळदीकुंकवाची गडबड संपली, लग्नाचं काम अंगावर यायच्या आत लिहून टाकते, कारण ओळखीच्या चारपाच जणी विचारताहेत की घ्यावं का.

आधी जे बंद केलं ते सांगते. मापाचं ॲप दोन महिने टिकलं. माप घेताना एका हातात टेप असते, दुसऱ्या हाताने बाईचा खांदा सरळ करायचा असतो, पेन्सिल कानावर असते. त्यात फोन उघडून "मुंढा" कुठल्या रकान्यात टाकायचा हे शोधत बसले तर समोरची अवघडून जाते. शिवाय त्यात गळ्याचे प्रकार होते, पण "पुढून खोल नको, मागून चालेल, सासूबाई येणार आहेत" असं लिहायला जागा नव्हती. माझ्या वहीत असते. आता वहीत माप लिहिते, त्या पानाचा फोटो काढते आणि तिच्याच चॅटमध्ये टाकते. पुढच्या खेपेला तिचं नाव उघडलं की माप समोर. ॲप जे पैसे घेऊन करत होतं ते फुकटात होतंय, आणि फोन बिघडला तरी वही आहे.

व्हॉट्सॲप बिझनेसचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्याने माझी चांगलीच फजिती केली. त्यात झटपट उत्तरं करून ठेवता येतात. तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की पूर्ण मजकूर हजर. भाच्याने "तारीख" असं एक करून दिलं होतं: "नमस्कार ताई, आपला ब्लाऊज शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर मिळेल." दुकानातली ही सर्वांत सोपी गोष्ट झाली. कपडा आला, पिशवीला चिठ्ठी लावली, तिरकी रेघ, तारीख, पाठवलं.

गौरी ३१ ऑगस्टला, रविवारी येणार होत्या. शुक्रवार २९ तारखेला संध्याकाळी सहाला माझ्या दारात पायताणं मावेनात. आदल्या दहा दिवसांत तोच एक निरोप मी ३१ जणींना पाठवला होता. तयार होते १९. पूर्वी मी तोंडाने तारीख सांगायचे तेव्हा समोरचीचा चेहरा बघून सांगायचे. एकीला शुक्रवार, एकीला "शनिवारी सकाळी बघ गं", जवळ राहणारीला "झालं की हाक मारते." हे सगळं डोक्यात बसलेलं होतं आणि त्याला कुणी हिशेब म्हणत नव्हतं. बोट दाबायला लागल्यावर ते सुटलं. आणि आणखी एक. पूर्वी उशीर झाला तर "अगं, मी शनिवार म्हटलं होतं" एवढ्यावर भागायचं. त्या दिवशी एका ताईने काहीही न बोलता फोन माझ्यासमोर धरला. माझाच निरोप, खाली दोन निळ्या टिका. आत जाऊन मी मशीनवर बसले ते रात्री दीडला उठले.

ब्लाऊज कापताना बाजूच्या शिलाईत आपण माया सोडतो, पुढेमागे उसवून वाढवता यावा म्हणून. तारखेला मी कधी माया सोडलीच नव्हती. तोंडी तारखेला ती आपोआप असायची, दोघींनाही माहीत असायची. लेखी तारीख म्हणजे माया कापून टाकलेला ब्लाऊज.

आता कसं करते ते सांगते, कारण या सगळ्यातली खरी कामाची गोष्ट हीच. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये चॅटला रंगीत लेबल लावता येतात, वीसपर्यंत. बहुतेक जण "नवीन गिऱ्हाईक", "पैसे बाकी" अशी लावतात. मी वारांची लावली. या आठवड्याचे सहा वार, पुढच्या आठवड्याचे सहा वार. लेबलच्या यादीत किती चॅट आहेत तो आकडा दिसतो. साध्या दिवसांत एका वाराला पाच, त्यात प्रिन्सेस कट किंवा पैठणीचं पायपिंगवालं असेल तर चार. आकडा भरला की तो वार संपला, मग सख्खी नणंद असली तरी पुढचा वार. आणि गिऱ्हाइकाला जो वार कळवते तो माझ्या वारापेक्षा दोन दिवस पुढचा असतो. ते तयार उत्तर पुसून टाकलं. तारीख दर वेळी हाताने टाइप करते. त्यात जो अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात डोकं चालतं.

यातून एक गोष्ट झाली जी सतरा वर्षांत जमली नव्हती: मी "नाही" म्हणायला शिकले. नवरात्राच्या आधी नऊ जणींना नाही कळवलं. त्यातल्या दोघी रुसल्या. सात जणी दिवाळीला आल्या.

निम्मे पैसे आधी घेणं हाही फोनमुळे जमलेला प्रकार. दुकानात समोरासमोर आगाऊ पैसे मागितले की "का वहिनी, आम्ही कुठं पळून चाललोय का?" हे ठरलेलं. आता तारखेच्या निरोपाखालीच क्यूआरचा फोटो जातो आणि "निम्मे जमा झाले की कापायला घेते" असं लिहिते. कुणी तोंडावर बोलत नाही, कारण तोंडच समोर नाही. परिणाम खुंट्यांवर दिसतो. पूर्वी न नेलेले पन्नासेक ब्लाऊज पडून असायचे, काही तर ज्यांच्यासाठी शिवले त्यांना आता होणारही नाहीत. काल मोजले, नऊ आहेत.

आता बोलका डबा. याचं महिन्याचं भाडं मला १२५ रुपये पडतं. यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही, २०२० च्या जानेवारीपासून नाही, पण डब्याचं भाडं आहे आणि ते गुपचूप खात्यातून जातं. पहिल्या दोन महिन्यांत ते जास्तीचं कापलं गेलं आणि परत मिळवायला मला अकरा वेळा फोन लावावे लागले. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचे थोडेफार असेच अनुभव ऐकले. मी पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी म्हणून नोंदलेली आहे. त्यात डिजिटल व्यवहारामागे एक रुपया, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, असं प्रोत्साहन आहे. म्हणजे पूर्ण शंभर धरले तरी डब्याचं भाडं सुटत नाही, हे आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी मांडून दाखवलं.

पण डब्याचा खरा परिणाम पैशांच्या पलीकडे झाला. हूक आणि हेमचं काम करायला माझ्याकडे एक काकू येतात, दुपारी अकरा ते चार. ब्लाऊजमागे त्यांना मी २५ रुपये देत होते. गिऱ्हाईक पूर्वी घडी केलेल्या नोटा द्यायचं, मी त्या टेबलाच्या खणात टाकायचे, कुणाला काही कळायचं नाही. आता डबा सगळ्या खोलीला ऐकवतो: "चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले." दिवाळीच्या आठवड्यात एका दुपारी काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "वहिनी, सकाळपासून तुमचा डबा बावीस वेळा बोलला."

एवढंच. मान वर करून बघितलंही नाही.

मी म्हटलं, "त्यात अस्तर माझं, काकू, दोरा माझा, लाइट माझी." त्या म्हणाल्या, "तसं नव्हे, मी आपलं मोजलं." चार दिवस मला ते बावीस वेळा छळत राहिलं. भाऊबीजेपासून त्यांचा दर ३५ केला. खरं तर तो तीन वर्षांपूर्वीच करायला हवा होता, पण कुणी मोजलं नव्हतं. सासूबाई आतल्या खोलीत असतात, त्याही ऐकतात. मला संध्याकाळी दिवसाची बेरीज त्यांच्याकडून कळते आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. डब्याचा आवाज कमी करता येतो, हे मला माहीत आहे. मी एकदाच कमी केला होता, तर सासूबाईंना वाटलं डबा बिघडला.

एक चांगलं की खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणं बंद झालं. डबा बोलला नाही तर पैसे आले नाहीत, वाद नाही. फक्त रेंज गेली की तो पाचपाच मिनिटं उशिरा बोलतो आणि भलत्याच गिऱ्हाइकाच्या वेळी ओरडतो. अजून एक, मैत्रिणींनो: पैसे येताना आपल्याला कधीही पिन टाकावा लागत नाही. "बिल भरतो, ही विनंती मान्य करा" म्हणणारे फोन मलाही आले.

जुलैमध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याच्या बातम्या आल्या. तिथे काहींनी क्यूआर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने दुसऱ्या दिवशी क्यूआर कपाटात ठेवला. मीही घाबरले. सीएकडे गेले तर त्यांनी हसून पाणी दिलं. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि माझा सगळा धंदा धरून पाच लाखांच्या आत. इस्त्रीवाल्याला हे सांगितलं. आठवड्याने क्यूआर परत बाहेर आला. मला मात्र त्यात वेगळंच सापडलं. सतरा वर्षांत माझी वर्षाची कमाई किती हे मला पहिल्यांदा कळलं, कारण आधी सगळं ह्यांच्या खात्यात किंवा डब्यात, म्हणजे डाळीच्या डब्यात, जायचं.

गुगलच्या नोंदीबद्दल थोडक्यात. फुकट आहे, दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवला की पडताळणी होते. त्यासाठी पैसे मागणारा कुणीही "गुगलमधून" बोलत नसतो, मला तसे सहा फोन आले. उंब्रज, ओगलेवाडी, मलकापूरहून नवीन गिऱ्हाइकं आली ती यामुळेच. पण एका अनोळखी माणसाने एक तारा देऊन ठेवलाय, खाली अक्षरही नाही. पुरुषाचं नाव आहे. मी पुरुषांचं काही शिवतच नाही.

सर्वांत अनपेक्षित म्हणजे जी दुकानात पाऊलही ठेवत नाही अशी गिऱ्हाईक. इथली मुलगी, नोकरीला पुण्यात. जुना मापाचा ब्लाऊज आणि खणाचं कापड एसटीच्या पार्सलने येतं, मागच्या गळ्याची चर्चा रात्री व्हिडिओ कॉलवर होते, इन्स्टाग्रामवरचा फोटो येतो आणि खाली "असाच." फोटोतला ब्लाऊज नेटचा, तिचं कापड इरकली. पहिल्या दोघींचे ब्लाऊज अंगाला घट्ट झाले, कारण मापाचा म्हणून आलेला ब्लाऊज लग्नाआधीचा होता. आता मी विचारते, "हा शेवटचा कधी घातला होता?" उत्तर यायला वेळ लागला की बाजूला दोन्हीकडे दीड दीड इंच माया सोडते. असे महिन्याला दहाबारा ब्लाऊज आहेत, आणि त्यांचे पैसे सर्वांत आधी येतात.

रात्रीचे निरोप हा एक त्रास राहिलाच आहे. साडेअकराला "दीदी झाला का?" आणि त्याखाली चार मिनिटांचा आवाजी निरोप. संध्याकाळी आठनंतर आपोआप जाणारं उत्तर लावलंय, पण ते जाऊनही माणूस दुसरा निरोप पाठवतोच. दुकानाचा फोन मी आठला टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावते. म्हणून घेणार असाल तर एवढं ऐका: नंबर वेगळा घ्या, आणि शक्यतो फोनही वेगळा, जुना चालेल. खातं स्वतःच्या नावाचं. पहिला महिना तयार उत्तरं करूच नका.

आत्ता लिहिताना लेबलं बघितली. या आठवड्याचा शनिवार भरलाय, पुढच्या सोमवारी दोन जागा आहेत. त्यातली एक काकूंच्या सुनेची, तिला अजून सांगितलं नाही.