पुट्टीने चिकटवलेला मॅक्सिमा

नागपुरात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारे लोक मोजकेच, त्यात क्लॅम, म्हणजे समुद्री शिंपला, ठेवायचं धाडस करणारे आणखी कमी. त्यामुळे फसवणाऱ्याचं फावतं. घेणाऱ्याने जवळून दुसरा क्लॅम पाहिलेलाच नसतो. ‘फार्मवर वाढवलेला, कागदपत्रांसकट मॅक्सिमा’ (राक्षसी क्लॅमची एक जात) असं सांगून माझ्याकडून पैसे उकळले गेले. सध्या तोच माणूस इतरांनाही तसेच व्हिडिओ पाठवतोय असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

व्हिडिओ सुंदर होता. खडकावर बसलेला क्लॅम, कवचाबाहेर पूर्ण पसरलेलं निळं मँटल, म्हणजे त्याचं मांसल अंग. मी विचारलं, हा पकडलेला की फार्मचा? उत्तर आलं, “भाऊ, शंभर टक्के फार्मचा, साइट्सचं परमिट आहे.” साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. परमिट आधी दाखवा म्हटलं तर “माल घरी आणून देतो, परमिट सोबतच देतो, अर्धे पैसे टाकून ठेवा” असं ठरलं. संध्याकाळी तो स्वतः घेऊन आला. क्लॅम एका छोट्या खडकावर बसलेला होता. खालून बघू का म्हणताच त्याने हात धरला. “नको नको, खडकावरून काढला तर मरतो. असाच ठेवा.” यात निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्या खऱ्यावरच त्याचा सगळा धंदा चालतो.

मॅक्सिमा आणि क्रोशिया जातीचे क्लॅम बुडाशी असलेल्या फटीतून बायसल धागे सोडतात आणि त्यांनी खडकाला घट्ट धरून राहतात. धागे खडकाजवळ पात्याने हळूच कापले तर क्लॅमला काही होत नाही, तो नवे धागे काढतो. पण समुद्रातून ओरबाडून उपटला की धाग्यांसोबत आतली ग्रंथी फाटते. असा क्लॅम काही दिवस ठीक दिसतो आणि मग आतून सडत जातो. म्हणजे विकत घेताना सगळ्यात आधी बघायची जागा ती बुडाचीच, आणि तीच माझ्यापासून लपवली गेली.

नंतर मी तो खडक पांढऱ्या उजेडात उलटा केला तेव्हा क्लॅमच्या बुडाशी जांभळट पुट्टी दिसली. कोरल चिकटवायला आपण वापरतो तीच. फाटलेल्या जागेवर पुट्टीचा गोळा दाबून त्याला खडकावर बसवलं होतं. जिवंत प्राण्याची जखम अशी बुजवून विकणं मला अजूनही सहन होत नाही. जो क्लॅम धड असतो तो योग्य जागी ठेवला की थोड्याच दिवसांत आपणहून खडक धरतो, त्याला चिकटवायची गरज नसते.

रंगाचीही तीच गत. व्हिडिओ निळ्या एलईडीखाली काढलेला होता. क्लॅमच्या मँटलमध्ये झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि क्लॅमला पोसतं. ताण आला की क्लॅम हे शैवाल गमावतो आणि मँटल फिकट, पारदर्शक, मधोमध पांढरं पडतं. निळ्या दिव्याखाली पांढरंही निळंच दिसतं. माझ्याकडे पांढरा दिवा लावल्यावर मधला भाग जवळजवळ पांढराच निघाला. म्हणून पांढऱ्या उजेडातला व्हिडिओ मागायचाच. आणि त्यात क्लॅमवर हाताची सावली पाडायला सांगायची. निरोगी क्लॅम सावली पडताच झटकन अंग आत ओढतो. सुस्त असेल, किंवा आत पाणी घेण्याची फट वासल्यासारखी उघडी राहत असेल, तर तो क्लॅम घेऊ नये. कवचाच्या वरच्या काठावर नवी पांढरी वाढ दिसते का तेही बघावं. कवचाच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी आहेत का, हेही तपासा. त्या रात्री क्लॅमचा रस शोषतात.

क्लॅम खंगायला लागल्यावर मी त्या माणसाला फोन केला. “नागपूरची गरमी आहे ना भाऊ, इथे टिकतच नाही.” मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो हे खरं, पण माझा टँक चिलरवर 26 अंशांवर होता. क्षारता (विशिष्ट घनता) 1.025, कॅल्शियम 420 पीपीएम, अल्कलिनिटी 8.5 डीकेएच, म्हणजे सगळं क्लॅमला मानवणारं. नायट्रेट थोडं होतं, आणि ते क्लॅमला हवंच असतं. बाकीचा टँक, लेदर आणि झोआ कोरल, कोळंबी, सगळं ठणठणीत होतं. मग त्याने ‘खास खुराक’ म्हणून हिरव्या पाण्याची बाटली घ्यायला सांगितली, तीही विकत. फाटलेली ग्रंथी खुराकाने भरून येत नाही, आणि मरणाऱ्या क्लॅमच्या टँकमध्ये जास्तीचं अन्न ओतलं तर पाणी तेवढं नासतं. अमोनिया वाढून मासे जाऊ नयेत म्हणून मी क्लॅम वेळेत बाहेर काढला.

आता परमिटविषयी. मला मिळाली ती एक पुसट झेरॉक्स. त्यात जातीच्या रकान्यात क्रोशिया लिहिलेलं, मॅक्सिमा नाही. उगमाच्या रकान्यात ‘डब्ल्यू’, म्हणजे जंगली, समुद्रातून पकडलेला. फार्ममध्ये पैदास झालेल्याला ‘सी’ किंवा ‘एफ’ असतं. निर्यातीचं साइट्स परमिट सहा महिनेच चालतं, याची तारीख केव्हाच उलटून गेलेली. आयात करणाऱ्याचं नाव खोडलेलं. दुसऱ्याच कुठल्या तरी मालाचं ते परमिट होतं.

हे फक्त पैशांपुरतं नाही. राक्षसी क्लॅमचं सगळं कुळ साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मॅक्सिमा आणि त्याच कुळातला स्क्वामोसा 2001 मध्ये आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हेच क्लॅम आहेत, आणि तिथून उपटलेला प्राणी ‘इम्पोर्टेड’ म्हणून हाती आला तर तो कोणाकडे सापडेल? आपल्याकडेच. साइट्स यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते, त्याचे नियम 2024 मध्ये आले. कागद खोटा असेल तर ती नोंद कशाच्या जोरावर करणार?

त्यामुळे परमिटची स्पष्ट प्रत पैसे देण्याआधी मागा. जात, उगम, तारीख आणि आयातदाराचं नाव हे चार रकाने वाचा. विकणारा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. शंका असेल तर सिव्हिल लाइन्समधलं वनभवन, म्हणजे वन विभागाचं कार्यालय, आपल्याच शहरात आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

पैसे परत मिळाले नाहीत, नंबरही ब्लॉक झाला. सायबर तक्रार 1930 या हेल्पलाइनवर नोंदवली आहे. रिकामं कवच, पुट्टीसकट तो खडक, झेरॉक्स आणि चॅटचे स्क्रीनशॉट वन विभागाला लेखी अर्जासोबत दिले. तुमच्यापैकी कोणाला उगमाच्या रकान्यात ‘डब्ल्यू’ असलेली क्रोशियाच्या परमिटची अशीच झेरॉक्स मिळाली असेल, तर चॅट डिलीट करू नका आणि तुमचीही तक्रार द्या. एकाच कागदावर किती क्लॅम विकले गेले, हे त्याशिवाय पुढे येणार नाही.