पिल्लासाठी सोशलायझेशनचा वर्ग: सात महिन्यांनंतर काय उरलं

आमच्या आधीच्या कुत्र्यानं, मोत्यानं, सिलिंडरवाल्या काकांच्या पोटरीचा लचका घेतला, तेव्हा घरातले आम्ही सगळे एकसुरात म्हणालो, "आजवर कधी असं केलं नाही हो त्यानं!" चावला नव्हता हे खरं. पण वर्षभर तो गुरगुरत होता, आणि प्रत्येक वेळी आम्ही पेपरची सुरळी दाखवून त्याला गप्प बसवत होतो. त्याला शिस्त लागली असं आम्हाला वाटत होतं. खरं तर चावण्याआधी जी सूचना तो देत होता, तीच आम्ही त्याच्याकडून काढून घेतली होती. काकांना ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवसांना पाच इंजेक्शनं घ्यावी लागली. पाचही वेळा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. बाई माणसाच्या मागे बसायला ते संकोचत होते आणि मला तर तोंड वर करून बघवत नव्हतं.

मोत्या साडेचार महिन्यांचा असताना आमच्याकडे आला. तोवर तो विकणाऱ्याच्या पिंजऱ्यात होता. तो तापट नव्हता, घाबरट होता. हे कळायला मला त्याचं अख्खं आयुष्य लागलं.

म्हणून या मे महिन्यात सात आठवड्यांचं गावठी पिल्लू, चकली (शेपटी बघितली की नाव कळतं), घरी आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी पपी क्लासची चौकशी केली, म्हणजे पिल्लाला माणसं, आवाज, दुसरी कुत्री यांची न घाबरता ओळख करून देणाऱ्या सोशलायझेशनच्या वर्गाची. सहा रविवार, एका वेळी सहा पिल्लं, जंतनाशक दिल्याचा आणि पहिल्या लशीचा कागद दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

घरात आधी वाद झाला. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सगळ्या लशी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका." पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची, भीती खोटी नाही. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण लशी पुऱ्या होईस्तोवर पिल्लू सोळा आठवड्यांचं होतं, आणि नवं जग बिनघोर स्वीकारायची त्याची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यात उघडून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत मिटत आलेली असते. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या तिघांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढवली. काहींना मधल्या एखाद्या आठवड्यात बाहेर काढून माणसांत ठेवलं. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत कुणी हातच लावला नव्हता, ती रानटी जनावरासारखी माणसापासून पळत राहिली. मोत्याचा पिंजरा आठवला आणि पोटात गोळा आला.

अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेव्हियर या संस्थेनं २००८ मध्येच सांगून ठेवलंय की सात-आठ आठवड्यांपासून वर्ग सुरू करता येतो. पहिली लस होऊन किमान सात दिवस झालेले असावेत आणि जंताचं औषध दिलेलं असावं. हे दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, पण रस्त्यावर खाली सोडायचं नाही." मधला मार्ग निघाला तो सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या झोळीतून. रोज संध्याकाळी झोळीत चकली, खिशात उकडलेल्या चिकन लिव्हरची डबी, आणि आम्ही दोघी पुण्यातल्या कर्वे रस्त्याच्या कडेला बाकावर. पीएमपीची बस, हेल्मेटवाला, छत्रीवाला, शाळेची पोरं, काठी टेकत जाणारे आजोबा. ती बघायची, मी लिव्हरचा कण द्यायचे. वीस मिनिटं, बास.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात मी उलटंच करत होते. सोशलायझेशन म्हणजे ओळखी वाढवणं, या समजुतीनं सोसायटीतल्या प्रत्येकाच्या हातात तिला देत होते. "घ्या ना, चावत नाही!" ती या मांडीवरून त्या मांडीवर. जांभया देत होती, ओठ चाटत होती, मान फिरवत होती. मला वाटलं, दमली. वर्गातल्या ताईंनी मोबाईलवरचा माझाच व्हिडिओ थांबवून दाखवला: डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, कान मागे, शेपटीची चकली सुटलेली. "ती तुम्हाला सांगतेय, पुरे करा." हे एक वाक्य वर्गाच्या सगळ्या फीचं मोल देऊन गेलं. त्यानंतर नियम ठरला. तिच्याकडे कुणी जायचं नाही. ती आपणहून गेली तरच हात लावायचा, तोही हनुवटीखाली, डोक्यावर नाही. तिला मागे सरकायची वाट नेहमी मोकळी.

वर्गातलं आणखी काय टिकलं? पंजे, कान, दात रोज हाताळायची सवय. दवाखान्यात उगाचच जाऊन फक्त वजन करून परत यायची युक्ती. आता ती त्या काट्यावर स्वतः चढून बसते. आवाजांची रेकॉर्डिंगही कामाला आली: फटाके, ढोल, प्रेशर कुकर, आधी कुजबुजीएवढे आणि रोज किंचित वाढवत. शेजारच्या आजोबांना मे महिन्यात लवंगी ऐकून दिवाळीचा भास झाला, त्याबद्दल त्यांची माफी मागून झाली आहे.

आता तक्रार. पाचव्या रविवारी सगळी पिल्लं एकदम मोकळी सोडली. तिप्पट वजनाच्या एका लॅब्रॅडॉरच्या पिल्लानं चकलीला तीनदा लोळवलं. ती खुर्चीखाली शिरली. लॅब बिचारा खेळतच होता. मी उचलायला गेले तर दुसरे ट्रेनर म्हणाले, "राहू द्या, आपोआप शिकेल." काय शिकेल? मोठी कुत्री अंगावर येतात आणि आपली माणसं नुसती बघत उभी राहतात, एवढंच. मी तिला बाहेर आणलं. पुढच्या वेळी त्यांनी मध्ये जाळी लावली हे मान्य, पण त्यानंतर दीड महिना ती पिवळट रंगाच्या कुठल्याही मोठ्या कुत्र्याला बघून माझ्या पायांत शिरायची. एक वाईट अनुभव दहा चांगल्यांवर पाणी फिरवतो तो असा. वर्गाला पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड त्या खुर्चीखाली गेला.

पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही पुलावर इतक्या लांब उभ्या राहिलो की ढोल छातीत न वाजता नुसता कानावर यावा. ती लिव्हर खात होती. खाणं थांबलं की अंतर कमी पडतंय, दोन पावलं मागे: ही माझी मोजपट्टी. गणपतीपर्यंत मिरवणुकीच्या शेजारच्या गल्लीपर्यंत मजल गेली. त्याहून जवळ नेलं नाही आणि नेणारही नाही. तिथे माझेच कान बधिर होतात.

सहाव्या महिन्यात मात्र सगळं पुसल्यासारखं झालं. रोजची कचरागाडी, रेनकोट, अगदी घरातलं इस्त्रीचं टेबल, सगळ्यांवर भुंकणं. वयात येताना अशी भीती पुन्हा डोकं काढते, हे वर्गात ओझरतं सांगितलं होतं. त्यावर एक अख्खा तास हवा होता. तेव्हा ती पहिल्यांदा गुरगुरली, इस्त्रीवाल्यावर. माझा हात पेपरकडे गेला. सवय! पेपर खाली ठेवला, तिला आत नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीवाले दादा दारातून लिव्हरचा तुकडा फेकून, तिच्याकडे न बघता कपडे ठेवून जाऊ लागले. तीन आठवडे लागले.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पलंगाखाली होती आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सुतळी बॉम्ब वाजला, तिनं कान टवकारले आणि ताटलीत तोंड घातलं. मोत्या त्या चार दिवसांत न्हाणीघरातून बाहेर यायचा नाही.

जाळीचं मुसकंही (कुत्रं चावू नये म्हणून तोंडाला बांधतात ते) घरात आहे. त्यात दही चाटवून घालायची सवय लावलीय. दवाखान्यात कधी खरंच दुखलं तर लागेल. लोकांना ते बघून कुत्री चावरी वाटते. वाटू दे.

सिलिंडरवाले काका अजूनही तेच आहेत. ते वर येत नाहीत, खालूनच हाक मारतात आणि सिलिंडर लिफ्टमध्ये ठेवून देतात. मागच्या मंगळवारी मी चकलीला घेऊन खाली गेले, दहा हात लांब उभी राहिले. ती बसली, आधी सिलिंडरकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. काका म्हणाले, "ही बरी दिसते." पण जवळ आले नाहीत, आणि मी या म्हटलंही नाही.