आठ महिने फिलग्रास्टिम: काउंट चढले, धाकधूकही

आईला सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज, जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्यासोबत. गोळीनं लाखाच्या वर गेलेल्या पांढऱ्या पेशी उतरवल्या, पण मग त्या उतरतच राहिल्या. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलचा आकडा, १००० च्या खाली आला की गोळी बंद. १५०० झाला की पुन्हा सुरू. दोनदा हे झालं, तेव्हा डॉक्टरांनी फिलग्रास्टिमचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन लिहून दिलं, आठवड्यातून दोनदा.

मी हबकलोच. हे जीसीएसएफ नावाचं प्रथिन. शरीरही ते बनवतं आणि त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जा न्यूट्रोफिल वाढवते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी वाढवायचं औषध? डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. निरोगी पेशी असा निरोप आल्यावर वाढतात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं आणि ते निरोप नसतानाही 'वाढा, वाढा' म्हणत राहतं. त्याला गप्प करते ती गोळी. इंजेक्शन एवढ्याचसाठी, की गोळीत खंड पडू नये.

गुण लगेच आला. आमची चूक ही, की पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली. पांढऱ्या पेशी २,१०० वरून थेट ११,०००! बाबांना वाटलं आजार उलटला. ते रात्रभर झोपले नाहीत. ती नुसती इंजेक्शनची उसळी होती. आता पुढच्या इंजेक्शनच्या आधी तपासणीला रक्त देतो. शिवाय आजाराचा खरा हिशेब सीबीसीत नाही, बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणाऱ्या पीसीआर या रक्ततपासणीत असतो. उपचारांच्या सहाव्या महिन्याला तो आकडा १ टक्क्याच्या आत हवा, आईचा ०.६ आला.

तक्रारी आहेतच. कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकतात, पहिल्या दिवशी जास्त. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. एका दुकानदारानं ते बर्फाशिवाय, साध्या पिशवीत दिलं; मी परत केलं. आणि प्लेटलेट्सला याचा काडीचा उपयोग नाही. त्यांचं प्रथिन वेगळं, थ्रॉम्बोपोएटिन. आईच्या प्लेटलेट्स ६२,००० वर आल्या तेव्हा इंजेक्शन चालूच होतं, आणि ५०,००० च्या खाली गेल्या असत्या तर गोळी थांबलीच असती.

सुई टोचायला मी नर्सकडून शिकलो. पोटावर, बेंबीपासून दूर, दर वेळी जागा बदलून. गेल्या महिन्यापासून आठवड्याला एकच पुरतं. फ्रिजचा मधला कप्पा अजून तिच्या सिरिंजांचाच आहे. लोणच्याची बरणी दारात गेली, त्यावरून मात्र आई रोज कुरकुरते.