परीक्षा फीची मुदत शुक्रवारी, घरून पैसे नाहीत: आधी कुठं जायचं?

दर सत्राला आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी अशी दोन-चार मुलं येतातच. वडिलांचं काम सुटलेलं, मेसवाल्याचे दोन महिने थकलेले, आणि परीक्षा फॉर्म भरायला चार दिवस उरलेले. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, स्कॉलरशिप कधी पडेल?" मी म्हणतो, ते सोड, शुक्रवारचं काय ते आधी बघू.

सरकारी योजनांतली रक्कम मोठी, यात वाद नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेत मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. मात्र घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी बाहेरगावाहून आलेला हवा. राजर्षी शाहू योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी फी सुटते, उत्पन्नमर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून पात्र मुलींना ती पूर्ण माफ आहे. अर्ज जरूर करा. पण तहसीलदारांचा दाखला, छाननी, मग हप्ता, यात महिने जातात. शिवाय पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात. आमच्याकडचा एक मुलगा शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून पाच महिने खेपा घालत होता. पैसे गावच्या बँकेत पडून होते, दहावीत उघडलेल्या खात्यात. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा.

कॉलेजचा विद्यार्थी सहाय्य निधी याच्या अगदी उलट. रक्कम लहान, कधी जेमतेम परीक्षा फीपुरती. पण वर्गशिक्षकांची शिफारस आणि प्राचार्यांची सही झाली की काम होतं. सूचनाफलकावर मुदत संपलेली दिसली तरी विचारून बघा. निधीपेक्षाही मोठा दिलासा म्हणजे फीचे हप्ते. हातात रुपया येत नाही, पण मानेवरचं ओझं उतरतं. अर्जात नुसतं "आर्थिक अडचणीमुळे" लिहू नका, ते सगळेच लिहितात. किती रक्कम, कोणत्या महिन्यात, ते लिहा: "आता ३,०००, उरलेले जानेवारीत." असा अर्ज टेबलावर पडून राहत नाही.

कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात किंवा ऑफिसात तासांवर काम मिळतं. चांगली योजना, पण पैसे काम केल्यावर, महिन्याअखेर. पुढच्या सत्रासाठी ठीक. शैक्षणिक कर्जाचंही तेच: ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण शुक्रवारपर्यंत बँक काही देणार नाही.

आणि दहा मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप? वेगात त्यांना कोणी हरवणार नाही, म्हणूनच मुलं फसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज थेट तुमच्याच खात्यात यायला हवं, एकूण खर्च आधी लेखी सांगायला हवा, आणि अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर बघायचा अधिकार नाही. परवानगी मागितली की ते अ‍ॅप तिथल्या तिथं काढून टाका. नाहीतर उद्या वसुलीचा फोन तुमच्या मामाला जाईल. मित्राकडून उसने घेणं परवडलं, लाज वाटली तरी.

पोटाचं वेगळं बघा, त्यासाठी फीचे पैसे मोडू नका. दादरच्या गुरुद्वारात लंगर सगळ्यांना खुला आहे, कोणी नावगाव विचारत नाही. शिवभोजन थाळी २०२० मध्ये १० रुपयांत सुरू झाली. जवळचं केंद्र चालू आहे ना, ते आधी बघा. लोकलच्या पासाचा सवलतीचा फॉर्म कॉलेजातूनच मिळतो, तरी कित्येक जण पूर्ण पैसे भरून पास काढतात.

आमच्या खिडकीशी यायचं तर बुधवारी या. शुक्रवारी दुपारी प्राचार्य हमखास मीटिंगला असतात.