फिश शेल : छोट्या आज्ञांसाठी बॅशपेक्षा सरस

टर्मिनलमध्ये रोज त्याच त्या लांबलचक आज्ञा टाइप करणाऱ्याला त्यांची छोटी नावे किती सहज ठेवता येतात, यावर शेलची, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची, खरी परीक्षा होते. अनेक वर्षे बॅश हा शेल वापरून मी फिश या दुसऱ्या शेलकडे वळलो, ते याच सोयीसाठी.

बॅशमधला एलियस म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर. त्याला स्वतःचे आर्ग्युमेंट, म्हणजे आज्ञेसोबत दिलेले फोल्डरचे नाव वगैरे, घेता येत नाही, त्यामुळे फोल्डर तयार करून लगेच त्यात शिरण्यासारख्या साध्या कामालाही फंक्शनच, म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गटच, लिहावे लागते. फिशमध्ये एलियस दिला तरी आतून फंक्शनच तयार होते. ते ‘फंकसेव्ह’ या आज्ञेने जतन केले की स्वतंत्र फाइलमध्ये राहते आणि पहिल्यांदा वापरताच आपोआप लोड होते. एकाच सेटिंग फाइलमध्ये सगळी फंक्शन साठवत राहण्यापेक्षा ही पद्धत मला फार स्वच्छ वाटते.

मात्र फिशची खरी देणगी म्हणजे ‘ॲबर’ ही आज्ञा. ‘जीएस’ असे लघुरूप ठरवले, तर ते टाइप करून स्पेस दाबताच ओळीवर ‘गिट स्टेटस’ ही पूर्ण आज्ञा उमटते. एंटर दाबण्यापूर्वी आज्ञा वाचता येते, बदलता येते आणि हिस्टरीतही ती पूर्ण स्वरूपात राहते. याचे मोल मला नुकसान सोसून कळले. फाइल खोडण्यापूर्वी विचारणारा पर्याय मी बॅशमध्ये ‘आरएम’ या फाइल खोडणाऱ्या आज्ञेच्या एलियसमागे लपवला होता. तो एलियस नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर सवयीने तीच आज्ञा दिली आणि एकही प्रश्न न विचारता फाइल गेल्या. लघुरूप असते, तर पर्याय समोर उमटला नाही हे तिथल्या तिथे दिसले असते. २०२३ मधल्या ३.६ आवृत्तीपासून लघुरूप ओळीत कुठेही उलगडता येते, इतकेच नव्हे तर उलगडणारा मजकूर फंक्शनकडूनही घेता येतो.

उणिवाही आहेत. त्याच आवृत्तीपासून लघुरूपे आपोआप जतन होत नाहीत. ती सेटिंग फाइलमध्ये लिहावी लागतात. फिशची भाषा पॉझिक्सला, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाला, धरून नसल्याने बॅशमधली फंक्शन जशीच्या तशी चालत नाहीत, आर्ग्युमेंटसाठी ‘आर्गव्ही’ वापरून ती नव्याने लिहावी लागतात, आणि मला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या ओळीत बॅशचे नाव असलेल्या स्क्रिप्ट मात्र पूर्वीसारख्याच चालतात, म्हणून त्यांना मी हातही लावलेला नाही.